पन्नास वर्षं, एक कॅमेरा आणि कोर्टाच्या तारखाच तारखा

एकेकाळी थिएटरात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लागायचा. जळगाव असो की धुळे, पब्लिकचा शिरस्ता ठरलेला. तेवढ्या वेळात शेंगदाण्याची पुडी घ्यायची, अंधारात खुर्ची शोधायची आणि मागे राहिलेल्या भाऊला हाक मारायची. माहितीपट म्हणजे खरा पिक्चर सुरू होण्याआधीचं काहीतरी!

आनंद पटवर्धन नावाच्या मुंबईकरानं मात्र १९७०च्या दशकापासून हाच खरा पिक्चर मानला. हिरो नाही, स्टुडिओ नाही, सरकारी नोकरी नाही. शूटिंग बहुतेक वेळा स्वतःचं, संकलन स्वतःचं आणि खटलेसुद्धा स्वतःच्याच नावावर. त्यांच्या कारकिर्दीचं सूत्र एका ओळीत सांगता येतं: चित्रपट बनवणं हे निम्मं काम, तो लोकांना दाखवणं हे उरलेलं निम्मं, आणि दुसरं निम्मं पहिल्यापेक्षा चिवट. या माणसाचा कॅमेरा आपल्या खानदेशातही येऊन गेला आहे. तिथूनच सुरुवात करू.

१. मणिबेली, जिल्हा धुळे

आज मणिबेली म्हटलं की नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका. पण नंदुरबार वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावरचं, नर्मदेच्या काठचं हे गाव कागदोपत्री धुळे जिल्ह्यात होतं. कलेक्टरांना गाऱ्हाणं सांगायचं, तर नदीकाठच्या माणसानं अख्खा सातपुडा ओलांडून धुळं गाठायचं. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव हेच. राज्यातल्या बाधित गावांचा आकडा ३३, आणि ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली.

पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी याच खोऱ्यातल्या लढ्यावर ‘अ नर्मदा डायरी’ हा सुमारे तासाभराचा माहितीपट केला. साल १९९५. ‘बुडू, पण हटणार नाही’ म्हणणारी गावं आणि पुनर्वसनाचे अपुरे कागद, सगळं रोजनिशीसारखं टिपलेलं. पुढच्याच वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा फिल्मफेअर मिळाला. म्हणजे ज्या बाहुलीसाठी हिंदीतले मोठमोठे हिरो सूट शिवून घेतात, ती आपल्या जुन्या धुळे जिल्ह्याच्या नदीकाठामुळेही एकदा मिळाली आहे.

२. गाव लहान, नाव वॉशिंग्टनपर्यंत

जागतिक बँकेनं नेमलेल्या स्वतंत्र समितीनं १९९२ साली सरदार सरोवर प्रकल्पाच्या पुनर्वसनावर आणि पर्यावरणाच्या तयारीवर कडक ताशेरे ओढले. मार्च १९९३मध्ये भारत सरकारनं बँकेच्या कर्जाचा उरलेला हिस्सा सोडून दिला. १९९४ साली जगभरातल्या तीनशेहून अधिक संघटनांनी मिळून बँकेला बजावलं की मोठ्या धरणांना पैसा पुरवणं थांबवा. त्या जाहीरनाम्याचं नाव ‘मणिबेली जाहीरनामा’. अक्कलकुवा तालुक्याच्या टोकाच्या गावाचं नाव वॉशिंग्टनच्या टेबलावर! आपल्याकडे मात्र कितीतरी जणांना ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येत नाही.

३. पहिला कॅमेरा उसना

पटवर्धन यांचा जन्म १९५०चा, मुंबईचा. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजीची पदवी, मग शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र. तिथे व्हिएतनाम युद्धाविरोधी चळवळ जोरात होती. पुढे कॅलिफोर्नियात शेतमजुरांचे पुढारी सीझर चावेझ यांच्या संघटनेत काही काळ स्वयंसेवकी. भारतात परतल्यावर थेट मध्य प्रदेशातल्या खेड्यात, ‘किशोर भारती’ या शिक्षणप्रकल्पात काम.

१९७४ साली बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांचं आंदोलन पेटलं. पटवर्धन पाटण्याला गेले, हातात उसना सुपर-८ कॅमेरा. सुपर-८ म्हणजे घरगुती कॅमेरा, बारसं आणि वाढदिवस टिपायचा. व्यावसायिक फिल्म परवडत नव्हती, म्हणून जुगाड केला. सुपर-८वर टिपलेलं पडद्यावर सोडायचं आणि त्या पडद्याचंच १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानं शूटिंग करायचं. चित्र दाणेदार झालं, पण आजही ते पाहताना गर्दीत आपणच धक्के खातोय असं वाटतं. चित्रपटाचं नाव ‘क्रांती की तरंगें’.

४. तुकड्या-तुकड्यांनी परदेशी

चित्रपट तयार झाला आणि १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी आली. जयप्रकाश तुरुंगात, आणि त्यांच्यावरचा चित्रपट जवळ असणंही धोक्याचं. मग प्रिंट कापली, तुकडे केले, ओळखीच्या माणसांकरवी देशाबाहेर धाडले. पटवर्धन शिकायला कॅनडात मॅकगिल विद्यापीठात गेले आणि तिथे ते तुकडे पुन्हा जोडले. आणीबाणीविरुद्धच्या सभांतून हा चित्रपट परदेशातल्या भारतीयांना दाखवला गेला.

दाखवण्याची लढाई सुरू झाली ती अशी, पहिल्याच चित्रपटापासून. आणीबाणी उठल्यावर त्यांनी पुढचा माहितीपट केला तो राजकीय कैद्यांवर, ‘ज़मीर के बंदी’ (१९७८).

५. काका भूमिगत, आजोबांनी वसवलं शहर

जयप्रकाशांवर चित्रपट करणं हे या घरात तसं घरचंच कार्य. आनंद यांचे काका अच्युतराव पटवर्धन. अहमदनगरचे, १९३४च्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक आणि जयप्रकाशांचे साथीदार. १९४२च्या लढ्यात ते भूमिगत झाले आणि शेवटपर्यंत ब्रिटिशांच्या हाती लागले नाहीत. दुसरे काका रावसाहेब पटवर्धन, तेही स्वातंत्र्यसैनिक.

आईकडची बाजू सिंधी. आजोबा भाई प्रताप यांनी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी कच्छमध्ये गांधीधाम हे शहर उभारायचा घाट घातला. आई निर्मलाताई शांतिनिकेतनात शिकल्या आणि देशातल्या नामवंत कुंभारकलावंत झाल्या. कुंभारकामावर त्यांनी हाताशी ठेवावं असं पुस्तकही लिहिलं.

आता यातला खानदेशी धागा. डिसेंबर १९३६मध्ये आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष पंडित नेहरू. त्या वर्षी नेहरूंनी कार्यकारिणीत जे तीन समाजवादी घेतले, ते म्हणजे जयप्रकाश, आचार्य नरेंद्र देव आणि अच्युतराव. अधिवेशनाच्या बांबूच्या नगरीची सजावट गांधीजींनी सोपवली ती नंदलाल बोस यांच्याकडे, म्हणजे शांतिनिकेतनच्या कलाभवनाच्या प्रमुखांकडे. काकांचा पक्ष आणि आईची शाळा, दोन्हींची पावलं आनंद जन्मण्याआधीच आपल्या केळीच्या पट्ट्यात उमटली होती!

६. पाच मिनिटं ते चार तास

साधारणपणे दिग्दर्शकाचं एक माप ठरलेलं असतं. पटवर्धनांचं तसं नाही. विषयाला लागेल तेवढी लांबी.

* सर्वात छोटा: ‘वी आर नॉट युवर मंकीज’ (१९९६), पाचेक मिनिटांचं गाणं. दया पवार आणि संभाजी भगत यांच्याबरोबर केलेलं, रामायणाकडे दलित नजरेनं पाहणारं.
* मधला: ‘ऑक्युपेशन: मिल वर्कर’ (१९९६), बंद गिरणीत घुसून ताबा घेणाऱ्या मुंबईच्या कामगारांवर, अर्ध्या तासाच्या आत.
* लांब: ‘जयभीम कॉम्रेड’ (२०११), तीन तासांच्या पुढे.
* सर्वात लांब: ‘विवेक’ (२०१८), सुमारे चार तास, आठ भागांत. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्या हत्यांपासून सुरू होणारा. ॲमस्टरडॅमच्या ‘इडफा’ या माहितीपटांच्या बड्या महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट पूर्ण लांबीचा माहितीपट ठरला.

७. गाणाऱ्या माणसासाठी चौदा वर्षं

‘हमारा शहर’ (१९८५) हा मुंबईच्या झोपडपट्ट्या पाडण्यावरचा चित्रपट. त्यात एक शाहीर गातो, विलास घोगरे. आवाज असा की बुलडोझरचा आवाज विसरायला होतो.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधाला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. काही दिवसांत घोगरे यांनी आपल्या घरी जीवन संपवलं. ही बातमी कळल्यावर पटवर्धनांनी कॅमेरा उचलला आणि ‘जयभीम कॉम्रेड’ पुरा झाला तो २०११ साली. चौदा वर्षं एकाच विषयाच्या मागे! त्यात खटल्यांचं रेंगाळणं आहे, वस्त्यांतले जलसे आहेत आणि पुण्याच्या ‘कबीर कला मंच’ या सांस्कृतिक गटाची तरुण मुलंही आहेत. एका चित्रपटातला गायक दुसऱ्या चित्रपटाचं कारण होतो, असं आपल्या सिनेमात क्वचितच घडलं असेल.

आणि सुरुवातीचा खेळ कुठे? मल्टिप्लेक्सात नाही. भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर, शेकडो लोकांसमोर. २०१२ साली राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

८. कॅमेरा बंद, उपोषण सुरू

शूटिंग आटोपलं की पॅकअप करून निघून जायचं, हा या माणसाचा स्वभाव नाही. १९८६ साली दक्षिण मुंबईतल्या संजय गांधी नगरच्या झोपड्या पाडल्या, तेव्हा रहिवाशांबरोबर उपोषणाला बसणाऱ्यांत पटवर्धन होते आणि शबाना आझमीही. नट्या पडद्यावर गरीब होतात, हे लोकांना ठाऊक होतं. पण दिग्दर्शक खरोखर उपाशी बसतो, ही बातमी होती.

९. एक चित्रपट, दोन प्रमाणपत्रं

‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ (१९९५) दोन भागांत आहे. सेन्सॉर बोर्डानं पहिल्या भागाला ‘यू’ दिलं आणि दुसऱ्याला ‘ए’. म्हणजे पोरांना घेऊन अर्धाच बघायचा! दूरदर्शननं तो दाखवायला नकार दिला. पटवर्धन कोर्टात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि ऑगस्ट २००६मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. बनवायला लागलेल्या वर्षांहून दाखवायला लागलेली वर्षं जास्त.

१०. तारखांचं छोटं कॅलेंडर

* ‘हमारा शहर’: राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी दूरदर्शनवर येण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.
* ‘राम के नाम’ (१९९२): अयोध्येच्या वादावर, मशीद पडण्याआधीच पुरा झालेला. शोधपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि फिल्मफेअर दोन्ही मिळाले. दूरदर्शनवर लागला १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. त्यात सलोख्याची भाषा बोलणारे पुजारी लालदास यांची नोव्हेंबर १९९३मध्ये हत्या झाली.
* ‘जंग और अमन’ (२००२): पोखरणच्या १९९८च्या अणुचाचण्यांनंतरच्या भारत आणि पाकिस्तानवर, थेट हिरोशिमापर्यंत जाणारा. सेन्सॉरनं एकवीस कट सुचवले. पटवर्धनांनी एकही केला नाही. २००३ साली उच्च न्यायालयानं चित्रपट जसाच्या तसा दाखवायला परवानगी दिली.
* ‘विवेक’: २०१९ साली केरळच्या महोत्सवात दाखवण्यासाठीसुद्धा उच्च न्यायालयात जावं लागलं. तिथंही परवानगी मिळाली.

यात एक मजेशीर युक्तिवाद पुन्हा पुन्हा येतो. सरकारच चित्रपटाला पुरस्कार देतं, आणि सरकारचंच चॅनेल तो दाखवायला घाबरतं, तर यातलं कोणतं सरकार खरं? न्यायालयांनी बहुतेक वेळा पुरस्कार देणाऱ्या सरकारची बाजू उचलून धरली.

११. महोत्सवाला पर्यायी महोत्सव

२००४ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवानं भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली. परदेशी चित्रपटांना मात्र नाही. देशभरातले माहितीपटवाले एकवटले. अट मागे घेतली गेली, पण निवडीत अनेक चित्रपट बाहेर राहिले. मग त्याच दिवसांत, त्याच शहरात, बाहेर राहिलेल्या चित्रपटांचा ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरला. पटवर्धन त्यात पुढे होते. पुढे पृथ्वी थिएटरच्या साथीनं विकल्पचे नियमित मोफत खेळ होत राहिले.

गंमत पुढे आहे. दहा वर्षांनी, २०१४ साली, त्याच मुंबई महोत्सवानं पटवर्धनांना व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार दिला. आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१५मध्ये, देशातल्या वातावरणाच्या आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या संपाच्या प्रश्नावर त्यांनी आपला पहिला राष्ट्रीय पुरस्कार सरकारला परत केला.

१२. खानदेशातले जुने नोंदकरी

माहितीपट म्हणजे शेवटी नोंद. या बाबतीत खानदेश कुणाला हार जाणारा नाही.

* इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायी फिरून जुनी दप्तरं गोळा करत. १९२६च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात १९२७पासून उभं आहे.
* १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. टेप नाही, माईक नाही. साने गुरुजी भराभर उतरवून घेत. अठरा प्रवचनं झाली आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं.
* चाळीसगावचे केकी मूस जगभर गाजलेले छायाचित्रकार, पण घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. घरात टेबलावर देखावे रचून त्यांनी अख्खं जग टिपलं.

एक चालणारा, एक लिहिणारा, एक बसून टिपणारा. पटवर्धनांमध्ये चालणं, लिहिणं आणि टिपणं एकत्र आलं आहे. फक्त बसणं तेवढं त्यांच्या वाट्याला फारसं आलेलं नाही, कोर्टाच्या बाकावरचं सोडून.

१३. शेवटी कॅमेरा घराकडे

सुमारे पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या घरांत, वस्त्यांत, मोर्चांत कॅमेरा नेल्यावर पटवर्धनांनी तो स्वतःच्या घराकडे वळवला. म्हाताऱ्या होत चाललेल्या आईवडिलांना ते अधूनमधून टिपत असत, चित्रपट करायचा म्हणून नव्हे, आठवण म्हणून. त्यातून ‘वसुधैव कुटुंबकम्’ हा चित्रपट झाला आणि २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात पहिल्यांदा दिसला. त्यात वडिलांची मिश्कील बडबड आहे, आईच्या भट्टीतली भांडी आहेत, काका आहेत, सिंध आहे आणि फाळणीही आहे. इतिहासाच्या पुस्तकातली नावं इथे जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांत येतात. आजवरच्या कामात सर्वात खासगी, आणि तरीही देशाचाच चित्रपट. पटवर्धनांचे चित्रपट आजवर ज्यांनी ‘फार राजकीय’ म्हणून टाळले, त्यांनी याच्यापासून सुरुवात करावी. आईवडील सगळ्यांनाच असतात.

१४. कुठून सुरू कराल?

* शहादा, तळोदा, अक्कलकुव्याकडचे असाल तर: ‘अ नर्मदा डायरी’. नर्मदाकाठचे विस्थापित तुमच्याच भागात, तळोद्याच्या वनजमिनीवर वसवले गेले. शेजाऱ्याची गोष्ट शेजाऱ्यानं बघायलाच हवी.
* भुसावळ, अमळनेर, धुळ्यातल्या भीमजयंतीच्या मंडळांसाठी: ‘जयभीम कॉम्रेड’. वेळ काढून बसा, मध्ये चहा ठेवा.
* मुंबईत चाळीत किंवा झोपडीत दिवस काढलेला मामा घरात असेल तर: ‘हमारा शहर’.
* कॉलेजच्या पोरांसाठी: ‘जंग और अमन’, आणि मग वादविवाद स्पर्धा आपोआप होईल.
* घरातल्या सगळ्यांसाठी: ‘वसुधैव कुटुंबकम्’.

पटवर्धनांचे काही चित्रपट यूट्यूबवर सापडतात. पण मोबाइलवर एकट्यानं बघण्यात अर्धीच मजा. हे चित्रपट चाळीत, वस्तीत, वर्गात, भिंतीवर चादर टांगून दाखवले गेले आहेत आणि दिवे लागल्यावर दिग्दर्शक प्रश्नांना उत्तरं द्यायला उभा राहिला आहे. जळगावचं व. वा. वाचनालय असो, धुळ्याचं गरुड वाचनालय असो, की गावातली मराठी शाळा, एक प्रोजेक्टर आणि एक संध्याकाळ पुरते. आधी परवानगीचं पत्र घेऊन ठेवा, एवढी काळजी या दिग्दर्शकाच्या अनुभवावरून घ्यायलाच हवी. चित्रपट संपल्यावर कुणाला उठू देऊ नका. मागच्या बाकावरचा कुणीतरी ‘हे काही मला पटलं नाही’ म्हणाला, तर त्याला पुढे बोलवा आणि माईक त्याच्या हाती द्या. भांडण बारा वाजेपर्यंत चाललं, तर प्रयोग व्यवस्थित पार पडला असं समजा.